शिक्का आणि दप्तर : संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांचा इतिहास

अंबरनाथच्या शिवमंदिराच्या उत्तर दारावरील तुळईवर एक लहानसा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो वाचला, तेव्हा त्यातला शक त्यांनी ७८२ असा लावला. म्हणजे इसवी सन ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो आकडा ९८२ असा वाचला आणि मंदिर १०६० सालचे, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातले ठरले. एका अंकाच्या वाचनाने दोनशे वर्षांचा फरक पडला. लेख अस्सल होता, वाचणारा विद्वान होता, तरीही तपासायला दुसरा डोळा लागला.

या मंदिरापासून थोड्या अंतरावर मोरिवलीची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या एखाद्या लहान कारखान्याने आपले संकेतस्थळ उभे केले, तर आज ते बहुधा लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरवर असेल आणि त्या सर्व्हरवर एक सुरक्षा प्रमाणपत्र बसवावे लागेल. ते नसेल तर परगावच्या ग्राहकाच्या पडद्यावर ‘हे संकेतस्थळ सुरक्षित नाही’ असा इशारा येईल. प्रमाणपत्र ही काही ओळींची फाईल असते. ती बसवायला आज दहा मिनिटेही लागत नाहीत. मात्र त्या फाईलमागे एक जुना प्रश्न उभा आहे : समोरचा स्वतःला जो म्हणवतो तो तोच आहे, याची हमी कोणी द्यायची, आणि हमी देणाऱ्याला कोणी तपासायचे?

हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. म्हणून त्याचा मागही जरा मागूनच काढू.

ताम्रपटाची कडी, पत्राचे मोर्तब

शिलाहारांचे ताम्रपट ठाणे-कुलाबा भागात अनेक ठिकाणी सापडले आहेत. भांडुपचा छित्तराजाचा ताम्रपट शक ९४८ चा, म्हणजे १०२६ सालचा आहे. अशा दानपत्रांचे पत्रे एका कडीत ओवलेले असत आणि कडीच्या सांध्यावर राजवंशाची मुद्रा असे. शिलाहारांच्या मुद्रेवर गरुड असे. सांध्यावरच मुद्रा बसवण्याचे कारण उघड आहे. कडी तोडल्याशिवाय मधला पत्रा काढता किंवा बदलता येऊ नये.

तरीही बनावट ताम्रपट निघतच. संस्कृतात त्याला ‘कूटशासन’ असा शब्दच आहे. सम्राट हर्षवर्धनाच्या मधुबन ताम्रपटात, सातव्या शतकात, अशा एका प्रकरणाची नोंद आहे. वामरथ्य नावाचा ब्राह्मण कूटशासनाच्या आधारावर एक गाव उपभोगत होता. राजाने ते शासन मोडून टाकले, गाव काढून घेतले आणि दुसऱ्यांना दिले. दिलेली हमी खोटी निघाली तर ती जाहीरपणे रद्द करावी लागते, हे तेव्हापासून माहीत होते.

मराठेशाहीत ही व्यवस्था कागदावर आली. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आज सहज वापरतो, पण त्यातले दोन भाग दोन वेगळी कामे करतात. शिक्का सांगतो की पत्र कोणाचे आहे. मोर्तब सांगते की मजकूर इथे संपला. मोर्तबाच्या खाली कोणी एक ओळ वाढवली तर ती पत्रातली नव्हे. आजच्या संगणकशास्त्रातही हीच दोन कामे वेगळी मानतात : पाठवणाऱ्याची ओळख पटवणे आणि मजकुरात फेरफार झाला नाही याची खात्री देणे.

शिक्का ज्याच्या हाती, अधिकार त्याच्या हाती, हेही ओघाने आले. मोठ्या अधिकाऱ्याच्या वतीने मुतालिक काम पाही आणि शिक्का त्याच्याकडे असे. शिक्का अस्सल, पत्र अस्सल, पण तो उमटवणारा हात कोणाचा, याची शंका पत्र पाहून फिटत नसे.

त्यावर जुन्या कारकुनांनी शोधलेला उपाय सनदांच्या शेवटी दिसतो. नेहमीच्या भाषेत तिथे लिहिलेले असे की दरवर्षी नवे पत्र मागत बसू नका, या पत्राची नक्कल लिहून घ्या आणि अस्सल पत्र भोगवट्यासाठी धन्याला परत द्या. अर्थात सनदेच्या दोन जागा झाल्या. एक सनदवाल्याच्या घरातला रुमाल, दुसरी सरकारी दप्तर. सनद बनावट करता येई. पण दप्तरातल्या तारखांच्या ओळीत, पानांच्या क्रमात, मागाहून नोंद घुसवणे फार अवघड.

हे किती महत्त्वाचे होते ते इंग्रजी अमलात कळले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन नेमले गेले आणि मुंबई इलाख्यातल्या इनामदारांना आपले हक्क शाबीत करायला सांगितले गेले. हातातली सनद पुरेशी मानली गेली नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या नोंदींशी ती ताडून पाहण्यात आली. अनेकांची इनामे गेली. दप्तर सरकारच्या ताब्यात, ते वाचणारे सरकारचे, निकाल देणारेही सरकारचेच. दप्तर असणे आवश्यक, पण ते कोणाच्या कुलपात आहे यावर न्याय ठरतो, हा त्यातला कडू धडा.

दोन किल्ल्या आणि एक प्रबंध

१९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोन अमेरिकन संशोधकांनी गुप्तलेखनाच्या शास्त्राला वेगळे वळण दिले. तोवर गुप्त पत्रव्यवहाराला दोन्ही बाजूंकडे एकच किल्ली लागे आणि ती आधी गुपचूप पोचवावी लागे. त्यांनी किल्ल्यांची जोडी सुचवली. एक जाहीर, एक खासगी. जाहीर किल्ली कोणालाही द्या, तिने बंद केलेले फक्त खासगी किल्लीने उघडते. उलट, खासगी किल्लीने केलेली सही जाहीर किल्लीने कोणालाही पडताळता येते. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ही कल्पना चालवून दाखवणारे गणित मांडले. त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘आरएसए’ म्हणतात.

आता प्रश्न असा की समोरची जाहीर किल्ली खरोखर त्याच माणसाची आहे हे कसे कळावे? डिफी आणि हेलमन यांनी एक सार्वजनिक नोंदवही सुचवली होती. नाव आणि किल्ली तिथे लिहिलेली, हवी त्याने पाहून घ्यावी. म्हणजे त्यांना दप्तर हवे होते. १९७८ साली एमआयटी या संस्थेतल्या लॉरेन कोनफेल्डर या पदवीच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात अडचण दाखवली. प्रत्येक संवादाआधी सगळे जग एकाच नोंदवहीकडे धावले तर ती नोंदवही कोलमडेल. त्यापेक्षा विश्वासू अधिकाऱ्याने ‘हे नाव, ही किल्ली’ असे लिहून त्यावर स्वतःच्या खासगी किल्लीने सही करावी आणि तो कागद ज्याचा त्याने जवळ बाळगावा. या कागदाला त्याने ‘सर्टिफिकेट’ म्हटले. सनदवाल्याने सनद घरी ठेवावी, तसेच.

आजच्या प्रमाणपत्राचा जन्म इथे झाला. १९८८ साली आलेल्या ‘एक्स ५०९’ या आंतरराष्ट्रीय मानकाने त्याचा साचा ठरवला : कोणाला दिले, कोणी दिले, केव्हापासून केव्हापर्यंत, किल्ली कोणती आणि खाली सही. ताम्रपटात राजा, दानपात्र, तिथी आणि मुद्रा असत. नमुना फारसा बदललेला नाही. मात्र कोनफेल्डरने दप्तर बाजूला ठेवून सनदेवर भिस्त ठेवली होती. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

परदेशी कुलूप, तेही अर्धे

भारतात सामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमच्या मार्फत. त्याच वर्षी अमेरिकेतल्या नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरमध्ये ‘एसएसएल’ ही कुलूपबंद संवादाची पद्धत आणली. ब्राउझरमध्ये काही मोजक्या प्रमाणक संस्थांच्या जाहीर किल्ल्या आधीच भरून ठेवलेल्या असत. त्यांची सही ज्या प्रमाणपत्रावर असेल ते खरे. ही यादी ब्राउझर बनवणारी कंपनी ठरवी आणि आजही तीच ठरवते.

आपल्याकडे पोचलेले कुलूप मात्र अर्धेच होते. मजबूत गुप्तलेखन अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने निर्यातबंदीची वस्तू होती. परदेशी पाठवायच्या ब्राउझरमध्ये फक्त ४० बिटांची किल्ली असे. ऑगस्ट १९९५ मध्ये दामिएँ दोलिजे या फ्रेंच संशोधकाने आपल्या संस्थेतल्या संगणकांवर हे कुलूप आठ दिवसांत फोडून दाखवले. हे निर्बंध जानेवारी २००० मध्ये सैल झाले. तोवर मुंबईतल्या बँका इंटरनेटवरून व्यवहार सुरू करण्याच्या बेतात होत्या किंवा सुरू करून मोकळ्याही झाल्या होत्या.

लिनक्सची वाट याच अडचणीतून निघाली. १९९१ मध्ये सुरू झालेली लिनक्स ही प्रणाली आणि १९९५ मध्ये आलेला अपाची हा वेब सर्व्हर, दोन्ही फुकट आणि खुले. पण अमेरिकेतून वाटल्या जाणाऱ्या अपाचीत कुलूप घालणे कायद्याने अवघड. मग ते काम अमेरिकेबाहेर झाले. एरिक यंग आणि टिम हडसन यांनी ऑस्ट्रेलियात ‘एसएसएलइए’ ही संहिता लिहिली. राल्फ एंगेलशाल याने १९९८ मध्ये युरोपात अपाचीसाठी ‘मॉड एसएसएल’ हा जोड तयार केला. डिसेंबर १९९८ मध्ये ‘ओपनएसएसएल’ आले. सप्टेंबर २००० मध्ये आरएसएच्या अमेरिकी पेटंटची मुदत संपली आणि उरलेला अडसरही गेला.

कुलूप फुकट झाले तरी शिक्का फुकट नव्हता. व्हेरिसाइनसारख्या कंपन्या एका प्रमाणपत्राचे वर्षाला काहीशे डॉलर घेत. दक्षिण आफ्रिकेत मार्क शटलवर्थ या तरुणाने १९९५ मध्ये ‘थॉट’ ही प्रमाणक कंपनी काढली आणि १९९९ मध्ये ती व्हेरिसाइनला सुमारे ५७.५ कोटी डॉलरना विकली. त्याच पैशातून पुढे २००४ मध्ये ‘उबुंटू’ हे लिनक्स उभे राहिले. आज लहान कार्यालयांतल्या असंख्य सर्व्हरवर तेच असते. शिक्के विकून मिळालेल्या पैशातून फुकटची प्रणाली निघाली, असा हा गमतीचा फेरा आहे.

लहान कारखानदाराला आणखी एक अडचण होती. एका आयपी पत्त्यावर एकच प्रमाणपत्र बसे. स्वस्तातल्या सर्व्हरवर एकाच पत्त्यावर शेकडो संकेतस्थळे दाटीवाटीने राहत, त्यांना स्वतःचे प्रमाणपत्र मिळणे शक्य नव्हते. यावरचा उपाय २००३ मध्ये मानकात आला, पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला तो कळत नसे आणि आपल्याकडे एक्सपी फार वर्षे टिकला. म्हणून कुलूप बँकेच्या आणि रेल्वे तिकिटाच्या संकेतस्थळांपुरते राहिले.

भारताचा स्वतःचा शिक्का

१७ ऑक्टोबर २००० रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला. संगणकीय सहीला हातच्या सहीइतकीच मान्यता मिळाली. या सह्यांची प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांवर देखरेखीसाठी ‘कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज’ हे पद निर्माण झाले. साखळीच्या माथ्यावर कंट्रोलरचे मूळ प्रमाणपत्र, त्याखाली परवानाधारक संस्था, त्याखाली तुम्ही-आम्ही. पहिला परवाना २००२ मध्ये चेन्नईच्या सेफस्क्रिप्टला मिळाला. पुढे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, गुजरातची ‘एनकोड’, हैदराबादची आयडीआरबीटी आणि सरकारची एनआयसी या संस्थाही आल्या.

कारखानदाराच्या घरात हा शिक्का २००६ मध्ये शिरला. कंपनी खात्याची कागदपत्रे ऑनलाइन भरणे सक्तीचे झाले आणि प्रत्येक संचालकाला ‘डीएससी’ घ्यावी लागली. ती बोटाएवढ्या यूएसबी टोकनमध्ये असते. निविदा भरायच्या, विवरणपत्रे द्यायची, तर ती हवीच. हे टोकन पासवर्डासकट चार्टर्ड अकाउंटंटच्या खणात पडलेले असणे ही सर्रास दिसणारी गोष्ट आहे. मुतालिकाच्या हाती शिक्का देण्याची आपली सवय जुनी आहे.

शेतकऱ्यापर्यंत हा शिक्का १ मे २०१८ पासून पोचला. महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. तलाठ्याच्या सहीशिक्क्यासाठी सज्जावर खेटे घालण्याऐवजी १५ रुपये भरून तो घरबसल्या काढता येतो. त्यावरची सही भारतीय साखळीतल्या प्रमाणपत्राने होते आणि भारतीय कायदा ती मानतो.

मात्र सातबारा ज्या संकेतस्थळावर दिसतो, त्या संकेतस्थळाच्या दारावरचे कुलूप या साखळीतले असून चालत नाही. कारण कायदा काहीही म्हणो, ब्राउझर आपल्या यादीपुढे कोणाचे ऐकत नाही. भारताच्या कंट्रोलरचे मूळ प्रमाणपत्र फक्त मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते. मोझिलाच्या यादीत नव्हते. लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्या मोझिलाचीच यादी जशीच्या तशी घेतात, म्हणून लिनक्सला भारताचा शिक्का ओळखीचाच नव्हता. आणि २०१४ मध्ये तो जिथे ओळखीचा होता तिथेही त्याची किंमत घसरली.

जुलै २०१४

याची पूर्वपीठिका नेदरलँड्समधली. २०११ च्या उन्हाळ्यात डिजिनोटार या डच प्रमाणक संस्थेत कोणीतरी घुसले आणि पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रे काढली. त्यातले एक गूगलच्या नावाचे होते. ते इराणमधल्या लोकांची टपाल वाचण्यासाठी वापरले गेले. क्रोम ब्राउझरला गूगलच्या खऱ्या किल्ल्या आधीच ठाऊक असल्यामुळे एका इराणी वापरकर्त्याला इशारा दिसला आणि प्रकरण फुटले. सप्टेंबरात ही कंपनी दिवाळखोरीत गेली. डच सरकारच्या अनेक सेवा तिच्या प्रमाणपत्रांवर चालत होत्या, त्यांचीही धांदल उडाली.

२ जुलै २०१४ रोजी गूगलच्या लक्षात आले की आपल्या नावाची काही प्रमाणपत्रे आपण न मागता निघाली आहेत. सही एनआयसीची होती. दुसऱ्याच दिवशी, ३ जुलैला, कंट्रोलरने एनआयसीची मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द केली. चौकशीनंतर कंट्रोलरने कळवले की एनआयसीच्या प्रमाणपत्र देण्याच्या प्रक्रियेत घुसखोरी झाली होती आणि खोटी प्रमाणपत्रे चारच होती : तीन गूगलच्या नावांची, एक याहूच्या. गूगलने मात्र जाहीर केले की या चारांपलीकडचीही आपल्याला माहीत आहेत, तेव्हा घुसखोरीची व्याप्ती कळलेली नाही. त्यानंतर क्रोमने भारताच्या साखळीवर मर्यादा घातली. सरकारी, शैक्षणिक आणि आणखी मोजक्या भारतीय पत्त्यांपलीकडे तिची प्रमाणपत्रे चालणार नाहीत.

चार हा आकडा बरोबर की चूक, यापेक्षा तो पडताळायला दप्तर नव्हते हे महत्त्वाचे. किती सनदा दिल्या याचा हिशेब देणाऱ्याकडेच होता आणि चोर त्याच घरात शिरला होता. कोनफेल्डरने बाजूला ठेवलेली नोंदवही इथे आठवते.

पुढे एका भारतीय कंपनीने ही वाट वेगळ्या रीतीने ओलांडली. बंगळुरूच्या ‘ईमुद्रा’ने आपले ‘एमसाइन’ हे स्वतंत्र मूळ प्रमाणपत्र ब्राउझर कंपन्यांच्या तपासणीतून नेले आणि मोझिलासह मोठ्या याद्यांत स्थान मिळवले. सरकारी बाजूनेही हालचाल झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय ब्राउझर बनवण्याची स्पर्धा जाहीर झाली. त्यात कंट्रोलरचे मूळ प्रमाणपत्र ब्राउझरच्या यादीत असणे ही एक अपेक्षा होती. मार्च २०२५ मध्ये पहिले बक्षीस झोहो कंपनीला मिळाले. आपला ब्राउझर असावा ही इच्छा योग्यच आहे. पण यादी आपली झाली म्हणून शिक्का आपोआप विश्वासू होत नाही. पेशवे दप्तर पुण्यातच होते, तरी इनामदाराला ते उघडून पाहता आले नाही.

उघडे दप्तर

डिजिनोटारच्या धक्क्यातून ‘सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी’ ही कल्पना निघाली. बेन लॉरी आणि अ‍ॅडम लँग्ली हे तिचे प्रमुख शिल्पकार, आणि २०१३ मध्ये ती मानकाच्या रूपात मांडली गेली. प्रमाणक संस्थेने दिलेले प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवहीत चढवायचे. नोंदवहीची रचना अशी की शेवटी भर घालता येते, मधले पान बदलता किंवा फाडता येत नाही, कारण प्रत्येक नव्या नोंदीबरोबर सगळ्या जुन्या नोंदींचे एकत्रित मोर्तब गणिताने पुन्हा होते. एप्रिल २०१८ अखेरपासून क्रोमने नव्या प्रमाणपत्रांना ही नोंद सक्तीची केली.

ही नोंदवही कोणालाही विनामूल्य शोधता येते. आपल्या नावावर कोणी, केव्हा, कोणते प्रमाणपत्र काढले ते मोरिवलीतला कारखानदारही पाहू शकतो. सनद आणि दप्तर ही १९७८ मध्ये फारकत झालेली जोडी पस्तीस वर्षांनी पुन्हा एकत्र आली, आणि या वेळी दप्तराला कुलूप नाही.

फुकटची सनद

दुसरा मोठा बदल किमतीचा. मोझिला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन, मिशिगन विद्यापीठ आदींच्या पुढाकाराने ‘लेट्स एनक्रिप्ट’ ही ना-नफा प्रमाणक सेवा नोव्हेंबर २०१४ मध्ये जाहीर झाली आणि डिसेंबर २०१५ पासून सर्वांना खुली झाली. प्रमाणपत्र फुकट, मुदत ९० दिवस, आणि देणे-घेणे सगळे यंत्राने. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिने शंभर कोटी प्रमाणपत्रे दिली होती. जुलै २०१८ पासून क्रोम कुलूप नसलेल्या प्रत्येक संकेतस्थळाला ‘असुरक्षित’ म्हणू लागला, तेव्हा लहानांनाही टाळाटाळ करायला कारण उरले नाही.

आपल्या कारखान्याच्या लिनक्स सर्व्हरवर प्रत्यक्षात काय घडते? ‘सर्टबॉट’सारखा प्रोग्राम सर्व्हरवरच किल्ल्यांची जोडी तयार करतो. खासगी किल्ली तिथेच राहते. ती फाईल फक्त मुख्य प्रशासकाला, म्हणजे ‘रूट’ला, वाचता येईल अशी ठेवायची, ईमेलने कोणाला पाठवायची नाही, बॅकअपच्या उघड्या फोल्डरात टाकायची नाही. जाहीर किल्ली अर्जासोबत लेट्स एनक्रिप्टकडे जाते. तिकडून एक सांकेतिक शब्द येतो : हा शब्द तुमच्या संकेतस्थळावर अमुक जागी ठेवून दाखवा, किंवा तुमच्या नावाच्या डीएनएस नोंदीत लिहून दाखवा. गावात दवंडी पिटवून ‘वाडा याच्याच ताब्यात आहे ना’ असे पाहावे, तसा हा प्रकार. लेट्स एनक्रिप्टचे सर्व्हर जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून तो शब्द वाचून पाहतात. पटले की प्रमाणपत्र देतात.

मग अपाची किंवा एनजिनएक्सला सांगायचे की प्रमाणपत्र इथे, किल्ली इथे. प्रमाणपत्रासोबत मधल्या संस्थेचे प्रमाणपत्रही द्यावे लागते, नाहीतर साखळी तुटते. ही चूक हमखास होते. कार्यालयातल्या संगणकावर सगळे ठीक दिसते, कारण तिथल्या ब्राउझरने मधला दुवा आधी कुठेतरी पाहून ठेवलेला असतो. ग्राहकाच्या मोबाइलवर मात्र इशारा येतो. दुसरी चूक नूतनीकरणाची. यंत्राने वेळेवर नवे प्रमाणपत्र आणून ठेवलेले असते, पण सर्व्हरला ते पुन्हा वाचायला सांगितलेले नसते. तो जुनेच दाखवत राहतो, आणि मुदत संपली की संकेतस्थळ बंद पडल्यासारखे होते.

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला. सर्व्हरच्या स्मृतीतले तुकडे, कधी कधी खासगी किल्लीसुद्धा, बाहेर झिरपू शकत होते. नुसती दुरुस्ती पुरेशी नव्हती. नवी किल्ली करायची, नवे प्रमाणपत्र घ्यायचे आणि जुने रद्द करायचे, अशी तिन्ही कामे जगभरच्या सर्व्हरचालकांना करावी लागली. किल्ली एकदा हातची गेली की कुलूप चांगले असून उपयोग नाही.

कुलूप काय सांगत नाही

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. फुकटचे प्रमाणपत्र एवढेच सांगते की या नावाची सूत्रे ज्याच्या हाती आहेत त्याच्याशीच तुमचा संवाद चालला आहे आणि वाटेत तो कोणी वाचत नाही. तो माणूस सचोटीचा आहे, असे ते म्हणत नाही. कारखान्याच्या नावात एक अक्षर इकडचे तिकडे करून कोणी नवे नाव घेतले, तर त्यालाही रीतसर प्रमाणपत्र मिळते. बँक खाते बदलल्याचे खोटे पत्र पाठवून पैसे वळवणाऱ्या ठगाच्या संकेतस्थळावरही कुलूप असते. शिक्क्यावरून पत्र कोणाचे ते कळते, पत्रातला हुकूम न्याय्य आहे की नाही ते कळत नाही. लोक कुलपालाच सज्जनपणाचे लक्षण मानू लागले, म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्ह काढून टाकले.

सत्तेचाळीस दिवस

शेवटी मुदतीचा इतिहास. एके काळी प्रमाणपत्र पाच वर्षांचे मिळे. २०१५ मध्ये मर्यादा ३९ महिन्यांवर आली, २०१८ मध्ये ८२५ दिवसांवर, २०२० मध्ये ३९८ दिवसांवर. प्रमाणक संस्था आणि ब्राउझर कंपन्यांच्या संयुक्त मंचाने एप्रिल २०२५ मध्ये पुढचे वेळापत्रक मंजूर केले. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस.

कारण साधे आहे. रद्द केलेल्या प्रमाणपत्राची खबर प्रत्येक ब्राउझरपर्यंत वेळेत पोचवणे आजवर नीट जमलेले नाही. हर्षाने ताम्रपट मोडला तेव्हा तो एकच पत्रा होता. इथे चोरीची किल्ली जगात कुठेही वापरता येते. तेव्हा सनदच अल्पायुषी करणे हा उपाय निघाला. मराठी सनदा सांगत की दरवर्षी नव्या पत्राचा हट्ट धरू नका. आजचे जग नेमका तोच हट्ट धरते आहे, आणि दप्तरात नक्कल ठेवण्याची त्या सनदांची दुसरी सूचनाही पाळते आहे.

याचा परिणाम लहानांवर अधिक होईल. वर्षातून एकदा ओळखीच्या मुलाला बोलावून प्रमाणपत्र बसवून घेण्याचे दिवस संपत आले. ४७ दिवसांचे काम हाताने होत नाही, यंत्रावर सोपवावे लागते, आणि यंत्र चालते की नाही हे पाहणारा माणूस तरीही लागतो. मुदत संपत आल्याची आठवण करून देणारी ईमेलही लेट्स एनक्रिप्टने जून २०२५ पासून बंद केली आहेत. पहारा ज्याचा त्याने ठेवायचा आहे.

तेव्हा ज्यांचे स्वतःचे नाव घेतलेले संकेतस्थळ आहे, कारखाना असो, पतपेढी असो की गावची शाळा, त्यांनी तीन गोष्टी विचारून ठेवाव्यात. नाव कोणाच्या खात्यावर नोंदलेले आहे? खासगी किल्ली कोणाच्या हाती आहे? आणि सार्वजनिक नोंदवहीत आपल्या नावापुढे कोणाकोणाच्या सनदा लागल्या आहेत? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुतेकदा एखाद्या जुन्या मुतालिकाकडे सापडतील. तिसऱ्याचे उत्तर मात्र कोणाची परवानगी न घेता आजच पाहता येते. १८५२ च्या इनामदाराला ही सोय नव्हती.